क्रूझ कॅन्सल, तब्येत खराब : पैसे किती अन् कसे परत येतात

आमच्या ट्रॅव्हल एजन्सीच्या काउंटरवर, फोनवर, व्हॉट्सॲपवर सगळीकडे एकच प्रश्न येऊन राहिला, "मेडिकल कारण आहे जी, मग तर पूर्ण रिफंड मिळेल ना?" दर वेळी अर्धा तास तेच सांगतो, म्हणून शेवटी लिहूनच काढलं. बुकिंगच्या कागदासोबत देतोय, पासपोर्टच्या पाकिटात ठेवा.

तर सरळ उत्तर, नाही. नागपुरात मेडिकल चौक आहे, मेडिकल रिफंड नावाची खिडकी कोणत्याच जहाजावर नाही. क्रूझ कंपनी फक्त एकच पाहते, जहाज सुटायला किती दिवस राहिले असताना कॅन्सलचा मेल आला. लवकर आला तर थोडं कापतात, उशीर झाला तर जास्त, अन् शेवटच्या काही दिवसांत बहुतेक कंपन्या भाडं पूर्णच कापतात, मग तुम्हाला डेंग्यू झालेला असो की तुमचा मूड बदललेला असो. न कळवता गेलेच नाही तर तो नो-शो, त्यातही भाडं गेलं समजा. एक गोष्ट मात्र लोकांना माहीतच नसते, भाडं पूर्ण कापलं तरी पोर्ट चार्जेस अन् सरकारी टॅक्सचा भाग साधारणपणे परत येतो, आधीच टिप्सचे पैसे भरले असतील तर तेही. रक्कम लहान असते पण मागावी लागते, आम्ही मागतोच.

मग मेडिकल सर्टिफिकेटचा उपयोग काय? तो ट्रॅव्हल इन्शुरन्ससाठी. जहाजवाल्यांनी जेवढं कापलं तेवढ्याचा क्लेम इन्शुरन्स कंपनीकडे करायचा, पॉलिसीत ट्रिप कॅन्सलेशन कव्हर असेल तर, अन् जी मर्यादा लिहिली असेल तिथपर्यंत. दोन वेगळी दारं आहेत, डॉक्टरचा कागद जहाजवाल्यांच्या दारात चालत नाही.

आता ती चूक, जिच्यापायी सगळ्यात जास्त वेळ अन् पैसा जातो. लोक आधी कॅन्सल करतात अन् डॉक्टरचं पत्र मागाहून आणतात. घरात कोणी आजारी पडलं की पहिले आठ दिवस "पाहू, बरं वाटेल" यात जातात, मग रात्री साडेअकराला आम्हाला व्हॉट्सॲप येतं की कॅन्सल करून टाका, आम्ही सकाळी मेल करतो, अन् तीन आठवड्यांनी घरगुती डॉक्टरचं पत्र येतं ज्यावर लिहिलेलं असतं "पेशंटला आराम सांगितला आहे". बस, एवढंच. तारीख कॅन्सल केल्यानंतरची, आजार कधी सुरू झाला ते नाही, प्रवासाचा उल्लेख नाही. इन्शुरन्सवाला विचारतो, ज्या दिवशी तुम्ही कॅन्सल केलं त्या दिवशी जाऊ नका असं कोणत्या डॉक्टरनं सांगितलं होतं? याला उत्तर नसतं अन् क्लेम अडकतो.

धरमपेठेतल्या एका काकूंची अँजिओप्लास्टी झाली होती, कारण एकदम खरं, धंतोलीतल्या हॉस्पिटलची फाईल हातभर जाड, तरी तीन महिने पत्रव्यवहार चालला, कारण डिस्चार्ज कार्डवर ऑपरेशनची सगळी माहिती होती पण "या तारखेपासून या तारखेपर्यंत प्रवास करू नये" ही एक ओळ नव्हती. डिस्चार्ज कार्ड म्हणजे सर्टिफिकेट नाही हो.

म्हणून क्रम असा ठेवा, आधी डॉक्टर, मग कॅन्सल, पण दोन्ही त्याच दिवशी. डॉक्टर बघून राहिले तिथूनच आम्हाला फोन करा. पत्र लेटरहेडवर पाहिजे, आजाराचं नाव, तो कधी सुरू झाला, कोणत्या तारखांना प्रवास करू नये, सही, शिक्का अन् डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर. फोटो पाठवला की आम्ही तासाभरात मेल टाकतो, कारण दिवस मोजले जातात ते मेल पोचल्याच्या तारखेपासून, ताप आल्याच्या तारखेपासून नाही. समजा तीस दिवसांवर अर्धं भाडं कापतात अन् पंधरावर पूर्ण, तर सोळाव्या अन् चौदाव्या दिवसाच्या मधे तुमचं अर्धं भाडं उभं असतं. अन् त्याच दिवशी इन्शुरन्स कंपनीलाही कळवायचं, क्लेम फॉर्म नंतर भरला तरी चालतो.

पॉलिसी घेताना बीपी, शुगर, जुना स्टेंट लपवू नका. आधीपासूनच्या आजारातून काही झालं तर बऱ्याच पॉलिसी पैसे देत नाहीत, तसं कव्हर वेगळं घ्यावं लागतं, अन् लपवलं तर भांडायलाही जागा राहत नाही. काही पॉलिसीत नुसतं आजारी असून भागत नाही, ॲडमिट असावं लागतं. आजारी आईवडील असतील अन् जाणारे तुम्ही, तरी काही ठिकाणी चालतं, पण ते पॉलिसीच्या शब्दांवर आहे, वाचून घ्या, आम्हीही वाचून दाखवतो. गरोदर असाल तर आणखी एक, प्रवास संपेपर्यंत २४ वा आठवडा लागत असेल तर बहुतेक जहाजं चढूच देत नाहीत. हा आजार नाही, नियम आहे, म्हणून बुकिंगच्या आधी आठवडे मोजून सांगा, लाजू नका.

केबिनचंही गणित आहे. केबिन दोघांच्या हिशोबाने विकतात, दोघांपैकी एक राहिला अन् दुसरा गेला तर जाणाऱ्याला एकट्याचं जास्त भाडं पडू शकतं. त्यामुळे "फक्त यांचं कॅन्सल करा" म्हणायच्या आधी आम्हाला विचारा, कधी कधी नाव बदलून भाऊ किंवा मेहुणा पाठवणं स्वस्त पडतं, मुदतीच्या आत असेल तर.

आता आमच्याबद्दल. "तुम्हीच पैसे दाबून बसले" असं तोंडावर बोलणारेही भेटतात. तुम्ही भरलेले पैसे क्रूझ कंपनीला कधीच गेलेले असतात, तिथून आमच्या खात्यात येतात तेव्हाच तुम्हाला देता येतात, अन् कंपनीची कॅन्सलेशन इन्व्हॉइस जशीच्या तशी तुमच्या हातात देतो, ती क्लेमलाही लागते. आमची सर्व्हिस फी मात्र परत नाही, बुकिंगचं काम झालेलं असतं अन् कॅन्सलचं काम त्याच्या दुप्पट असतं, हे पावतीवर लिहिलेलं आहे. व्हिसाची फी पण गेली ती गेली. परदेशी पॅकेजवर घेतलेला टीसीएस, म्हणजे बुकिंगच्या वेळीच घेतलेला टॅक्स, तुमच्या पॅनवर जमा असतो, तो आयटी रिटर्नमध्ये मागा, सीएला सांगून ठेवा. मुंबईपर्यंतचं दुरांतोचं तिकीट तुमच्या लॉगिनवरून असेल तर ते तुम्हीच कॅन्सल करायचं, ते आम्हाला दिसतही नाही.

क्लेम नाकारला तर आधी इन्शुरन्स कंपनीच्याच तक्रार विभागात लेखी द्या, मग आयआरडीएआयचं, म्हणजे इन्शुरन्स कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं, बिमा भरोसा पोर्टल किंवा १५५२५५ हा नंबर आहे, अन् ३० दिवसांत उत्तर आलं नाही की विमा लोकपालाकडे जाता येतं, तिथे फी लागत नाही. पत्र लिहायला आमच्याकडे या, आमच्या बुकिंगचं असेल तर त्याचे पैसे घेत नाही. बाहेरून स्वस्तात ऑनलाइन बुक करून कागद घेऊन येणाऱ्यांनाही बसवतो, पण मग चहा तुमच्याकडून.

पॉलिसी पहिल्या हप्त्याच्या दिवशीच घ्या, आजारी पडल्यावर कोणी देत नाही. नको असेल तर आम्ही "नको" असं लिहून सही घेतो, राग मानू नका. सिंगापूरच्या दिवाळी सेलिंगची बुकिंग सुरू आहे, बाल्कनीवाल्या केबिन आधी संपतात, येताना पासपोर्ट अन् चालू गोळ्यांची चिठ्ठी दोन्ही आणा.