गर्भाशयमुखाची बायोप्सी लॅबला पाठवताना: डबी, लेबल आणि फॉर्म

पंच बायोप्सीचा, म्हणजे चिमट्यासारख्या हत्याराने तपासणीसाठी तोडलेला, तुकडा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. तो सुकला, चुरगळला किंवा भलत्याच डबीत गेला, तर पेशंटला पुन्हा टेबलावर घ्यावं लागतं. म्हणून डब्यांची तयारी तुकडा काढायच्या आधी करायची, नंतर नाही.

घट्ट झाकणाच्या, रुंद तोंडाच्या डबीत 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन (तुकडा टिकवून ठेवणारं द्रावण) घ्या, तुकड्याच्या किमान दहापट, जमल्यास वीसपट. तुकडा निघाल्याबरोबर त्यात सोडा. 'तासाभरात पाठवतोच आहे' म्हणून सलाईनमध्ये ठेवायची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. ती मोडा, कारण सलाईनमध्ये पेशी कुजायला लागतात आणि नंतर फॉर्मलिन घालून ते भरून निघत नाही. कोरड्या गॉजवरही ठेवू नका, तुकडा धाग्यांत अडकतो. लहान तुकडा फिल्टर पेपरवर, पृष्ठभाग वर राहील असा अलगद टेकवून पेपरसकट फॉर्मलिनमध्ये टाकला, तर काप सरळ पडतो. रक्त थांबवायचं मॉन्सेल द्रावण सगळे तुकडे निघाल्यावरच लावा, त्याने पेशी जळाल्यासारख्या दिसतात.

जितक्या जागा, तितक्या डब्या. गर्भाशयमुखावरची जागा घड्याळाच्या तबकडीप्रमाणे सांगतात: बारा वाजताचा तुकडा एकीत, सहा वाजताचा दुसरीत, एंडोसर्व्हायकल क्युरेटिंग (गर्भाशयमुखाच्या आतल्या नळीतून खरवडून काढलेला भाग) तिसरीत. क्युरेटिंगमध्ये चिकट स्राव आणि रक्तच जास्त दिसतं. ते फेकू नका, सगळं पाठवा. लीप (तारेच्या विद्युत फासाने काढलेला भाग) किंवा कोन (शंकूच्या आकाराचा मोठा तुकडा) असेल तर बारा वाजताच्या जागी टाका घाला आणि तसं फॉर्मवर लिहा. ती खूण नसेल, तर कडेला आजार उरलाय का ते कळलं तरी नेमका कोणत्या बाजूला हे सांगता येत नाही.

लेबल डबीच्या अंगावर, झाकणावर नाही. ग्रॉसिंगच्या, म्हणजे लॅबमध्ये तुकडे बघून कापायच्या, टेबलावर चार झाकणं एकदम उघडी पडली की कुठलं कुणाचं, हे देवालाच ठाऊक. लेबलवर पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, जागा आणि तारीख हवी.

फॉर्मवर तेच नाव, तोच क्रमांक, शिवाय वय, शेवटच्या पाळीची तारीख, गरोदरपण, हार्मोनच्या गोळ्या, आधीचा पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) आणि एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरशी संबंधित विषाणू) रिपोर्ट, पूर्वी झालेले उपचार किंवा रेडिएशन, कोल्पोस्कोपीत (भिंगातून गर्भाशयमुख तपासताना) काय दिसलं, डब्या किती आणि डॉक्टरांची सही. नुसतं 'सर्व्हिक्स बायोप्सी' लिहिलेला फॉर्म आला की आम्हा लॅबवाल्यांना फोनच करावा लागतो. रेडिएशन झालेल्या पेशी विचित्र दिसतात. ते माहीत नसेल तर गफलत होऊ शकते.

नावात तफावत किंवा लेबलच नसणे, एवढ्यावर नमुना अडतो किंवा परत जातो. डबी नातेवाइकांच्या हाती देणार असाल, तर उभी, बंद पिशवीत द्या. फॉर्म वेगळ्या कप्प्यात ठेवा, नाहीतर गळलेल्या फॉर्मलिनने शाई पसरते. फ्रिजरमध्ये ठेवू नका. लॅबच्या काउंटरवर डब्या मोजून घ्यायला लावा आणि पोचपावतीवर तोच आकडा आहे ना, ते तिथेच बघा.