ना धड शुद्धीत, ना धड बेशुद्ध

परळच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात ऑपरेशन थिएटरबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "भूल उतरली का?" आत भूलतज्ज्ञाला पडलेला प्रश्न जरा वेगळा असतो. श्वास चालू राहावा म्हणून श्वासनलिकेत घातलेली नळी आत्ता काढायची, की थांबायचं?

१८४६ मध्ये बोस्टनला मॉर्टनने ईथरची भूल चारचौघांसमोर देऊन दाखवली. ईथर रक्तात भरपूर विरघळतं, त्यामुळे चढायलाही उशीर आणि उतरायलाही. हे उतरणं किती धोक्याचं असतं, ते नीट मांडलं आर्थर गुडेल या अमेरिकी भूलतज्ज्ञाने. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या छावण्यांतून मोटरसायकलवर फिरत तो नवशिक्यांना भूल द्यायला शिकवायचा. बुबुळं, श्वास आणि स्नायू पाहून भूल किती खोल गेली ते ओळखायचं, अशी त्याची पद्धत. १९२० मध्ये त्याने भुलेचे चार टप्पे मांडले. त्यातला दुसरा खोडसाळ: रुग्ण ना धड शुद्धीत, ना धड बेशुद्ध. भूल चढताना तो लागतो आणि उतरताना पुन्हा लागतो. अशा वेळी नळी हलली किंवा लाळेचा थेंब घशात गेला, तरी स्वरतंतू गच्च मिटून श्वास अडकू शकतो. म्हणून नळी काढायची तर भूल पुरती खोल असताना, नाहीतर रुग्ण पुरता जागा झाल्यावर. मधल्या अवस्थेत नाही.

नळीची गोष्ट थोडी वेगळी. ग्लासगोच्या मॅकेवनने १८७८ मध्ये भुलेसाठी ती तोंडावाटे श्वासनलिकेत घातली. पुढे १९२८ मध्ये गुडेल आणि वॉटर्स यांनी श्वासनलिकेत घट्ट बसणारा फुगा लावलेली नळी पुढे आणली. फुगा गळत नाही हे पटवायला गुडेलने स्वतःच्या कुत्र्याला भूल देऊन, नळी घालून पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवलं. कुत्रा सुखरूप उठला. त्याचं नाव एअरवे!

भूल किती, याचा आकडा मात्र १९६० च्या दशकात आला. एगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'मॅक' ठरवला: चिरा दिल्यावर निम्मे रुग्ण हलणार नाहीत, इतकं फुप्फुसातल्या हवेतलं भुलेच्या वायूचं प्रमाण. सेव्होफ्लुरेन या वायूसाठी ते सुमारे २ टक्के, हॅलोथेन या दुसऱ्या वायूसाठी पाऊण टक्का. वय वाढतं तसं ते कमी होतं. साधारण एक तृतीयांश मॅकपर्यंत उतरलं की हाक मारल्यावर रुग्ण डोळे उघडू लागतो. आता बाहेर पडणाऱ्या श्वासातलं प्रमाण मॉनिटरवर दर श्वासाला दिसतं, त्यामुळे अंदाज पुष्कळ सोपा झाला.

पण तो आकडा वायूचा, स्नायूंचा नव्हे. १९४२ मध्ये मॉन्ट्रियलला ग्रिफिथने भुलेत क्युरारे हे स्नायू लुळे पाडणारं औषध वापरलं आणि नवीच अडचण आली: वायू निघून गेला तरी स्नायू लुळेच. आज नसेला विजेचे चार हलके झटके देऊन स्नायूचा चौथा प्रतिसाद पहिल्याच्या ०.९ पट तरी आहे ना, हे बघतात. ब्रिटनमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत भुलेतल्या श्वासमार्गाच्या गंभीर घटनांपैकी सुमारे एक तृतीयांश शुद्धीवर येताना किंवा त्यानंतर घडलेल्या आढळल्या.

त्यामुळे पडद्यावर ०.२ मॅक दिसलं तरी भूलतज्ज्ञ रुग्णाच्या कानाशी वाकून म्हणतातच, "काका, डोळे उघडा. माझा हात घट्ट दाबा बघू."