खासगी फोटो संमतीशिवाय व्हायरल होणं : कायदा आणि करायच्या गोष्टी

कुणाचेही नग्न, अर्धनग्न किंवा शरीरसंबंधांचे फोटो-व्हिडिओ त्या व्यक्तीला न विचारता दुसऱ्याला पाठवणं, ग्रुपवर टाकणं, साइटवर चढवणं, किंवा नुसतं "व्हायरल करीन" म्हणून धमकावणं, हे सगळं या नोंदीत येतं. फोटो चोरून काढलेला असो, स्वतःच विश्वासाने पाठवलेला असो, दुरुस्तीला दिलेल्या फोनमधून कुणी उचललेला असो नाहीतर साध्या डीपीवरून एआयने बनवलेला असो, त्रास तोच आहे. बातम्यांमध्ये याला 'रिव्हेंज पॉर्न' म्हणतात पण तो शब्द वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण सूड म्हटलं की जिचा फोटो आहे तिनेच आधी काहीतरी केलं असणार असं वाटायला लागतं आणि पॉर्न म्हटलं की ते लोकांनी बघावं म्हणूनच बनवलं होतं असा अर्थ निघतो.

या सगळ्यात कळीची गोष्ट एकच, संमती दोन वेगवेगळ्या असतात. फोटो काढू देणं ही एक संमती आणि तो तिसऱ्याला दाखवू देणं ही दुसरी, पहिली दिली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही. हे कुणाचं वैयक्तिक मत नाही, कायद्यातच तसं लिहिलेलं आहे. २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत ३५४ सी हे कलम आलं, १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ झालंय, आणि त्याच्या स्पष्टीकरणात सरळ म्हटलंय की बाईने फोटो काढायला हो म्हटलं असेल पण पसरवायला नसेल तर पसरवणं हा गुन्हाच. त्यामुळे "तूच पाठवलास ना मग" हे जे घरात, कॉलेजात आणि कधी कधी चौकीतही ऐकावं लागतं त्याला कायद्यात काडीचाही आधार नाही.

दुसरा आधार म्हणजे आयटी, म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायदा. २००४ मध्ये दिल्लीतल्या शाळकरी मुलांची एक क्लिप मोबाइलवरून फिरली आणि पुढे एका ऑनलाइन बाजारात चक्क विकायला लागली, तेव्हा देशभर गदारोळ झाला होता. नंतर कायद्यात बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, त्या ऑक्टोबर २००९ पासून लागू आहेत. कलम ६६ ई खाली खासगी अवयवांचा फोटो संमतीशिवाय काढला किंवा पसरवला तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि ६७ ए खाली लैंगिक कृत्याचा व्हिडिओ टाकला तर पहिल्या वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड. कलम ७७ फक्त बायकांसाठी आहे पण ही दोन कलमं पुरुषांनाही लागू होतात, आणि हे सांगायलाच हवं कारण अनोळखी मुलीची रिक्वेस्ट, मग व्हिडिओ कॉल, मग रेकॉर्डिंग दाखवून पैशांची मागणी आणि त्यानंतर "सायबर पोलीस बोलतोय" म्हणून खोटा फोन, या सापळ्यात पुरुष बरेच अडकतात आणि लाजेपायी गप्प बसतात. पैसे मागितले की ती खंडणी, न्याय संहितेचं कलम ३०८, ७ वर्षांपर्यंत शिक्षा. शिक्षा झाल्याची उदाहरणंही आहेत, २०१८ मध्ये पश्चिम बंगालमधल्या तामलुकच्या कोर्टाने अशाच एका प्रकरणात आधीच्या ओळखीतल्या मुलाला ५ वर्षांची शिक्षा सुनावली.

आता प्रत्यक्ष काय करायचं. पहिल्या तासाभरात हात थरथरत असतात आणि सगळं डिलीट करून टाकावं, नंबर ब्लॉक करावा असंच वाटतं, नेमकं तेच आधी करायचं नाही. आधी पुरावा. नुसत्या फोटोचा स्क्रीनशॉट पुरत नाही, त्यात अकाउंटचं युजरनेम, तारीख-वेळ आणि पोस्टची लिंक आली पाहिजे, कारण वर दिसणारं नाव समोरचा दोन मिनिटांत बदलतो. धमकीचे मेसेज, आलेला नंबर, ज्या यूपीआय आयडीवर पैसे मागितले तो, सगळं जपायचं. पैसे मात्र द्यायचे नाहीत, एकदा दिले की हा माणूस देतो हे त्यांना कळतं आणि मागणी वाढत जाते (दिलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा, पैसे पुढे जायच्या आत अडवता येण्याची शक्यता असते). आणि विश्वासातल्या निदान एका माणसाला सांगायचं, बहीण असो, मावशी असो नाहीतर मित्र. धमकी देणाऱ्याचं सगळं भांडवल म्हणजे "घरी कळलं तर" ही भीती, घरच्यांना तुम्हीच सांगितलंत की त्याच्या हातातली अर्धी ताकद जाते.

फोटो पसरू नये म्हणून स्टॉपएनसीआयआय डॉट ओआरजी ही मोफत सोय आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाली, ब्रिटनमधली एक संस्था चालवते, १८ वर्षांवरच्यांसाठी. लोक हिला घाबरतात, "म्हणजे तो फोटो परत कुणालातरी द्यायचा का?" तर नाही. फोटो तुमच्याच फोनमध्ये राहतो, तिथेच त्याचा हॅश बनतो, म्हणजे आकडे-अक्षरांची एक लांबलचक ओळ, जणू फोटोचा अंगठ्याचा ठसा, आणि फक्त ती ओळ फेसबुक, इन्स्टाग्राम वगैरे सहभागी कंपन्यांकडे जाते. त्या ठशाचा फोटो कुणी चढवायला गेलं की तो ओळखून अडवता येतो. ओळीवरून फोटो परत तयार करता येत नाही. पण मर्यादाही नीट समजून घ्या, फोटो खूप कापला-बदलला तर ठसा जुळत नाही, सहभागी नसलेल्या साइटवर काही उपयोग नाही, आणि मूळ फोटो तुमच्याकडे नसेल, फक्त समोरच्याकडे असेल, तर हॅश बनवणार कशाचा.

आधीच चढलेल्या पोस्टसाठी त्या त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जायचं. २०२१ च्या आयटी नियमांनी अशा मजकूर काढण्यासाठी तक्रारीपासून २४ तासांची मर्यादा घातली होती, फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने ती २ तासांवर आली, त्यात मॉर्फ केलेले म्हणजे चेहरा जोडून बनवलेले फोटोही येतात आणि तुमच्या वतीने दुसरं कुणीही तक्रार करू शकतं. गुगलसारख्या सर्च इंजिनलाही वेगळा अर्ज करता येतो. २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टाने म्हटलं की तोच मजकूर परत परत वर येतो म्हणून पीडितेने दर वेळी नवीन लिंक शोधून कंपन्यांच्या दारात जायचं हे बरोबर नाही, आणि ते अगदी खरं आहे, स्वतःचेच फोटो रोज रात्री शोधत बसणं काय असतं ते ज्याच्यावर वेळ येते त्यालाच कळतं.

पोलीस तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर करता येते, स्त्रिया आणि मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांत नाव न देताही, पण तपासाचं पुढे काय झालं ते बघायचं असेल तर नाव देऊनच करावी. चौकीत गेलात आणि "हे आमच्या हद्दीत येत नाही" म्हणाले तर झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायचा गुन्हा, सांगा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलिसांच्या कामाची पद्धत ठरवणारा कायदा) कलम १७३ प्रमाणे हद्दीचं कारण चालत नाही. कलम ७७ च्या तक्रारीत बाईचा जबाब महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचा असतो. आयटी कायद्याचा तपास इन्स्पेक्टर किंवा त्यावरचाच अधिकारी करतो, त्यामुळे "साहेब आले की या" हे उत्तर मिळू शकतं, तरी तक्रार अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका. नोंदवूनच घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवायचं आणि तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. मी एका मैत्रिणीसोबत गेले होते तेव्हा टेबलावरचा हवालदार अगदी सहज म्हणाला, "ताई, ते फोटो माझ्या व्हॉट्सॲपवर टाका, बघतो." तिने फोन उचललाही होता, मी तिचा हात धरला. आम्ही महिला अधिकारी येईपर्यंत दीड तास बाकड्यावर बसलो आणि मग त्यांच्यासमोर, मैत्रिणीच्याच फोनवर दाखवलं. पुरावा पेन ड्राइव्हमध्ये, पंचनामा करून द्यावा, कुणाच्या वैयक्तिक नंबरवर कधीच नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं, १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

पीडित १८ च्या आतली असेल तर सगळंच जास्त गंभीर होतं, पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा लागतो, आणि मदत म्हणून सुद्धा तो फोटो कुणी पुढे पाठवायचा नाही. लिंक आणि युजरनेम लिहून घ्यायचं आणि मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ किंवा पोलीस यांना कळवायचं. मुलांसाठी हॅशची वेगळी सोय आहे, टेक इट डाउन नावाची.

अशा वेळी झोप उडते, जेवण जात नाही, नको ते विचार येतात. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं, आणि त्या दिवसांत तिला एकटीला खोलीत सोडू नका. शेवटची एक गोष्ट जी आधी कुणी सांगत नाही, तपासासाठी कधी कधी तक्रार करणाऱ्याचाच फोन जमा करून घेतात आणि तो लॅबमधून परत यायला महिने जातात. ओटीपी त्याच फोनवर, हॅशसाठी लागणारा मूळ फोटोही त्याच फोनमध्ये. म्हणून चौकीत जायच्या आदल्या रात्रीच कुणालातरी शेजारी बसवून हॅश आणि कंपन्यांच्या तक्रारी भरून टाकायच्या, तक्रार नंबर कागदावर उतरवून ठेवायचे आणि मगच फोन हातातून द्यायचा.