दगड टाकण्याआधी वाळू कुठे गेली ते पाहू
किनाऱ्यालगतच्या बागायतदारांसाठी माहितीपत्रक

जुलै उजाडला की आमच्याकडे फोन सुरू होतात. पुळण गेली, माडांची मुळं उघडी पडली, लगेच दगड टाकून द्या. दगड टाकणं हा आमचा धंदाच आहे. तरीही आधी विचारतो, की वाळू गेली कुठे? बऱ्याचदा ती समोरच, पाण्याखाली असते.

लाट उथळ पाण्यात आली की तिचा वेग मंदावतो, उंची वाढते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की ती फुटते; म्हणजे मीटरभर उंचीची लाट सव्वा मीटर पाण्यात. माथा पुढे वळून धाडकन कोसळला, तर त्याचा भोवरा तळापर्यंत पोचतो आणि वाळू ढवळून वर काढतो. नुसती फेसाळत येणारी लाट तेवढी वाळू उपसत नाही. ०.२ मिलिमीटरचा बारीक कण शांत पाण्यातसुद्धा सेकंदाला दोन-अडीच सेंटिमीटरच खाली जातो. तो तळाला टेकायच्या आत पुढची लाट हजर.

लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेलं पाणी तळालगत माघारी फिरतं. पावसाळ्यात ही ओढ जोरदार असते, आणि तिच्याबरोबर निघालेली वाळू लाटा फुटतात तिथे दांडा, म्हणजे पाण्याखालचा लांबट उंचवटा, होऊन साठते. मग मोठ्या लाटा त्या दांड्यावरच फुटतात आणि किनाऱ्यावरचा मारा कमी होतो. फुकटचा बंधाराच म्हणा! पाऊस सरला की लांब, संथ लाटा येऊ लागतात. तळाशी त्यांचा किनाऱ्याकडचा झटका थोडा वेळ पण जोराचा, परतीचा सावकाश. त्या झटक्यांनी वाळू हळूहळू वर सरकते आणि उन्हाळ्यापर्यंत पुळण पुन्हा भरते.

लाटा तिरक्या येत असतील तर किनाऱ्याला समांतर प्रवाह तयार होतो आणि ढवळलेली वाळू त्याबरोबर आडवी जाते. डोंगराच्या दोन टोकांमधल्या छोट्या पुळणीत ती बहुतेक आतल्या आतच फिरते. मालवणजवळच्या देवबागची गोष्ट वेगळी: एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मध्ये चिंचोळी पट्टी. अशा जागी, खाडीच्या मुखाशी, गेलेली वाळू परत येईलच असं आम्ही कुणाला सांगत नाही.

उभी भिंत मागायला येणारे खूप. पण तिच्यावर आपटलेली लाट पायथ्याची वाळू उपसते, भिंत खालून पोकळ होते, आणि भिंत संपते तिथे शेजाऱ्याची बाग खचू लागते. पुढचे तंटे सोडवणं आमच्या आवाक्यातलं नाही.

म्हणून वाळू दरवर्षी परतत असेल तर मर्यादवेल आणि केवडा राखा, वरची वाळू उचलू नका, एवढंच सुचवतो; त्याचे पैसे घेत नाही. धूप कायमचीच असेल तर उतरता दगडी बंधारा, खाली पाणी जाऊ देणारं पण वाळू अडवणारं गाळणीचं कापड, पायथा वाळूत खोल गाडलेला. त्याला सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांखालची, परवानगी लागते. ती हातात आल्याशिवाय आम्ही काम धरत नाही.

पाहणीला बोलावण्याआधी मे आणि ऑगस्टमधले फोटो, एकाच माडाजवळ उभं राहून, ओहोटीच्या वेळी काढून ठेवा.