जुन्या स्टील गिटारचा पिकअप: बदलायचा की रिवाइंड करायचा?

जुनी स्टील गिटार अ‍ॅम्प्लिफायरला जोडली आणि नुसतीच घरघर ऐकू आली, की पहिला संशय पिकअपवर, म्हणजे तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणाऱ्या चुंबक आणि कॉइलच्या भागावर. मल्टीमीटरच्या दोन पिना कॉइलच्या टोकांना टेकवायच्या. मीटरने सर्किट ओपन दाखवलं, तर केसाहून बारीक तांब्याची तार आत कुठेतरी तुटली आहे असं समजायचं. बऱ्याचदा ती टाक्यापाशीच (सोल्डरच्या जोडापाशी) गेलेली असते, जिथे हिरवट गंज धरलेला दिसतो. साध्या इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप बाजारात तयार मिळतो. मग या वाद्याच्या बाबतीत लोक जुनीच कॉइल पुन्हा गुंडाळत का बसतात?

त्यासाठी १९३१ सालच्या लॉस एंजेलिसला जावं लागतं. अमेरिकेत तेव्हा हवाईयन संगीताची चलती होती. गिटार मांडीवर आडवी घेऊन स्टीलची कांडी तारांवरून सरकवायची (म्हणूनच ती स्टील गिटार), या पद्धतीचं श्रेय हवाईच्या जोसेफ केकुकू यांना दिलं जातं. अडचण एकच, बँडच्या गलक्यात तिचा आवाज बुडून जायचा. जॉर्ज बीचम (नावाचं स्पेलिंग फ्रेंच वळणाचं, उच्चार मात्र हाच) स्वतः ही गिटार वाजवत. ग्रामोफोनच्या पिकअपवर प्रयोग करत त्यांनी आणि पॉल बार्थ यांनी नवा पिकअप जमवला. कॉइल गुंडाळायला वापरली चक्क वॉशिंग मशीनची मोटर! हॅरी वॉटसन यांनी लाकडाचा पहिला नमुना कोरला. गोल अंग आणि लांब मान, म्हणून त्याचं नाव पडलं फ्राइंग पॅन. १९३२ पासून अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्या मदतीने तो अ‍ॅल्युमिनियममध्ये ओतला जाऊ लागला. पेटंट हाती पडायला मात्र १९३७ उजाडलं.

या पिकअपची रचना आजही विचित्र वाटते. घोड्याच्या नालेसारखे दोन टंगस्टन-पोलादी चुंबक समोरासमोर, त्यांच्या कवेत खाली कॉइल, आणि तारा या चुंबकांच्या आतून गेलेल्या. म्हणजे चुंबक तारांच्या वरूनही वळसा घेतो. युद्धापूर्वीचे चुंबक दीड इंच रुंद होते, नंतरचे सव्वा इंच. जाणकार वादक आजही दीड इंचीच शोधतात. पण टंगस्टन पोलादाची चुंबकशक्ती काळानुसार आणि धक्क्यांनी ओसरते. त्यामुळे कॉइल शाबूत असूनही आवाज मलूल येऊ शकतो. अशा वेळी रिवाइंडिंग करून उपयोग नाही, चुंबक चार्ज करून घ्यावा लागतो. ही तपासणी न करता आधी कॉइल उकलणं हा मला निव्वळ उतावळेपणा वाटतो.

गिटार बनवणारे लिओ फेंडर आणि डॉक कॉफमन यांनी वेगळाच मार्ग काढला. १९४४ साली पेटंटसाठी अर्ज केलेल्या त्यांच्या पिकअपमध्ये तारा थेट कॉइलच्या मधून जात. तार बदलायची तर ती सुईत दोरा ओवावा तशी ओवायची. आता या जागी दुसरा कुठला पिकअप बसणार? त्यात तारांची संख्याही कुठे सहा, कुठे सात, कुठे आठ. दोन तारांमधलं अंतरही कंपनीगणिक निराळं.

पुढे पेडल स्टीलमध्ये (पायांवर उभी, पेडल दाबून तारांचा सूर बदलणारी स्टील गिटार) दहा तारांची चाल रुळली, तेव्हा कुठे सुटे पिकअप विकण्याजोगी बाजारपेठ तयार झाली. बिल लॉरेन्स आणि जॉर्ज एल्स ही पिकअपची नावं पेडल स्टीलवाल्यांना पाठ असतात. तिथे पिकअप बदलणं सोपं आहे, आणि घरघर नकोशी झालेले अनेक जण ती दाबणारा दोन कॉइलचा पिकअप, म्हणजे हमबकर, बसवतातही. मांडीवरच्या जुन्या वाद्यांना ही सोय क्वचितच मिळाली.

हे वाद्य आपल्याकडेही रुजलं. हवाईयन गिटारवादक टाऊ मोई १९४०च्या दशकात कोलकात्यात राहिले, तिथे हवाईयन गिटारचं वेड पसरलं. मुंबईत व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी या गिटारवर सिनेमाची गाणी घराघरांत पोहोचवली. पण मुंबईची दमट हवा आणि तांब्याची बारीक तार यांचं काही जमत नाही.

पंखा किंवा पंपाची मोटर रिवाइंड करणारा कारागीर जळालेली कॉइल सोडवताना वेढे मोजतो आणि तारेचा गेज लिहून ठेवतो. पिकअपचंही तेच, फक्त वेढे हजारोंनी असतात आणि तार नुसत्या बोटाच्या ताणानेही तुटते. तुटलेलं टोक नेमकं बाहेरच्या थरात सापडलं, तर दोन-चार वेढे सोडून नवा टाका दिला तरी भागतं. म्हणून कात्री लावण्याआधी भिंग घेऊन वरचा थर बघायचा.