जेटेक्स आणि एस्टेस: विमानाची मोटर वेगळी, रॉकेटची वेगळी

बाल्सा लाकडाचं हलकं मॉडेल विमान तयार झालं की त्याला एस्टेस या अमेरिकी कंपनीची मॉडेल रॉकेटची मोटर लावावी, असं पुष्कळांच्या मनात येतं. जुन्या फोटोंत जेटेक्स ही विमानासाठीची मोटर लावलेली मॉडेलं पाहिलेली असतात. दोन्ही मोटरी लहानशा, दोन्हींत घन इंधन. तरीही हा बदल करू नका.

इंग्लंडच्या विल्मट-मॅन्सूर कंपनीने १९४८ पासून जेटेक्स विकायला सुरुवात केली. त्यातली ‘जेटेक्स ५०’ साधारण १४ ग्रॅम रेटा देते, पण १२-१५ सेकंद देत राहते. हिशेब केला तर एकूण आवेग, म्हणजे रेटा गुणिले वेळ, २ न्यूटन-सेकंदांच्या आसपास येतो. एस्टेसची ‘ए८-३’ ही मोटर अडीच न्यूटन-सेकंदांची. म्हणजे साठा जवळपास सारखाच. एस्टेस मात्र तो पाऊण सेकंदात संपवते.

रॉकेटला हे हवंच असतं. त्याला पंख नाहीत, त्यामुळे रेटा वजनाच्या कित्येक पट लागतो. शिवाय उडताना दिशा देणारी मीटरभराची दांडी सोडण्याआधी त्याला इतका वेग यावा लागतो की शेपटाचे पर हवेत पकड घेतील. विमानाचं वजन पंख पेलतात. मोटरने हवेचा विरोध मोडून थोडं चढवलं की पुरे. पंखांची उचल वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून अचानक झटका बसला की विमान नाक वर करून कोलांटी घेतं, नाहीतर पंखच मोडतो.

फरक इंधनातून येतो. एस्टेसमध्ये बंदुकीची दारू, कागदी नळी, मातीचं नोझल; वापर एकदाच. जेटेक्समध्ये ग्वानिडीन नायट्रेटच्या वड्या. त्या सावकाश आणि त्यामानाने कमी तापमानाला जळतात, म्हणून ॲल्युमिनियमची डबी साफ करून, नवी वडी-वात घालून पुन्हा वापरता येते.

ए८-३ मधला शेवटचा ३ सुद्धा लक्षात घ्या. इंधन संपल्यावर तीन सेकंदांनी पुढच्या बाजूला बार उडतो. तो पॅराशूट बाहेर ढकलण्यासाठी असतो. विमानात तो पुढचा भाग जाळतो. बूस्ट-ग्लायडरमध्ये एस्टेस चालते, कारण तो रॉकेटसारखा सरळ वर जातो, बहुतेक रचनांत बार झाल्यावर मोटर टाकून देतो आणि मग नुसता तरंगत उतरतो.

जेटेक्स बंद पडल्यावर चेक प्रजासत्ताकातून रॅपिअर मोटरी आल्या. दिसायला त्या एस्टेसच्या वळणाच्या, कागदी नळीच्या, एकदाच वापरायच्या. पण जळतात सावकाश, अनेक सेकंद. त्या मात्र विमानालाच लावायच्या.