मुंगसाचं अनेकवचन

मे महिन्यात भाची न्यू जर्सीहून आजोळी आली होती. सकाळी ती पडवीत दात घासत उभी असताना समोरच्या गडग्यावरून एकामागोमाग दोन मुंगसं पळाली. "मावशी, टू माँगीस!" ती ओरडली आणि लगेच स्वतःच अडखळली. "माँगीस की माँगूसेस? गूसचं गीस होतं ना?"

उत्तर माँगूसेस. पण तिची शंका अगदी रास्त होती. तिला 'असंच आहे, पाठ कर' असं सांगणं माझ्या जिवावर आलं, कारण या प्रश्नामागे भाषाशास्त्रातली माझी सर्वात आवडती गोष्ट दडलेली आहे. इंग्रजीला काही नियमच नाहीत, असं आपण सर्रास म्हणतो. स्पेलिंगं पाठ करताना आपल्या सगळ्यांच्याच डोळ्यांत पाणी आलेलं असतं, त्यामुळे हा समज सुटत नाही. पण गूस-गीस हा नियमाचा अभाव नाही. तो एका जुन्या नियमाचा उरलेला ठसा आहे.

आधी मुंगसाचं बघू. 'माँगूस' हा शब्द इंग्रजीने आपल्याकडूनच घेतला. इंग्रजी शब्दकोश त्याचं मूळ मराठी 'मुंगूस' असं देतात. इंग्रजीत तो सतराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो. त्याच्या शेवटी 'गूस' ऐकू येतं, म्हणून स्पेलिंगही हंसाच्या गूससारखं झालं. नातं मात्र काहीच नाही. हंसाचा गूस जर्मानिक भाषांच्या घरातला, तर आपलं मुंगूस कोकण-देशावरच्या बांधांवरचं.

आता गूसचं गीस आणि फूटचं फीट का होतं, ते पाहू. त्यासाठी पुस्तक लागत नाही, स्वतःचं तोंड पुरतं. आरशासमोर उभं राहून 'की' म्हणायची तयारी करा, पण आवाज काढू नका. मग 'कू'ची तयारी करा. दोन्हींत पहिलं व्यंजन 'क'च आहे. तरी 'कू'साठी ओठांचा चंबू आधीच झालेला दिसेल, आणि 'की'साठी जिभेचा मागचा भाग टाळूला जरा पुढे टेकलेला जाणवेल. स्वर अजून उच्चारलेलाही नाही, पण तोंड त्याच्या तयारीला लागलं आहे. बोलताना आपण एकेक अक्षर सुटं करून उच्चारत नाही. पुढे काय येणार हे मेंदूला ठाऊक असतं, आणि जीभ वाट वाचवायला आधीच त्या दिशेला सरकते.

आता दीड-दोन हजार वर्षं मागे चला. इंग्रजीच्या पूर्वज भाषेत पायाला साधारण 'फोट' म्हणत, त्यातला 'ओ' दीर्घ. अनेकवचन होतं 'फोटिझ', आणि पुढे झिजून 'फोटि'. म्हणजे अनेकवचनाची खूण शेवटच्या 'इ'मध्ये होती. 'ओ' म्हणताना जीभ तोंडात मागे असते, 'इ' म्हणताना पुढे आणि वर. 'फोटि' म्हणणाऱ्याची जीभ 'ओ'वर असतानाच पुढच्या 'इ'कडे ओढली जाऊ लागली. ओठ 'ओ'चे, पण जीभ 'ए'ची, असा एक मधलाच स्वर तयार झाला. हा स्वर मराठीत नाही, पण काढता येतो: 'ए' म्हणत राहा आणि जीभ न हलवता ओठ गोल करा. ओठांची ही गोलाई शेवटी सुटली आणि निव्वळ 'ए' उरला, पण ते बरंच नंतर.

इथवर हा फक्त उच्चारातला आळस होता. खरी गंमत पुढे आहे. शब्दाच्या शेवटी येणारे ऱ्हस्व स्वर काळाच्या ओघात झिजतात, तसा तो शेवटचा 'इ' गळून पडला. एकवचन 'फोट', अनेकवचन ओठांची गोलाई गेल्यावर 'फेट'. ज्याच्यामुळे बदल झाला तो 'इ' नाहीसा झाला, बदल तसाच राहिला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसंच झालं. आता अनेकवचन सांगण्याचं सगळं ओझं मधल्या स्वरावर आलं. 'गोस'चं 'गेस', 'टोथ'चं 'टेथ', 'मान'चं 'मेन' असंच घडलं. उंदराच्या 'मूस'चं अनेकवचन तर आधी ओठ गोल ठेवून म्हटलेल्या 'ई'चं होतं, मग साध्या 'ई'चं 'मीस' झालं. स्वर ओढला जाण्याचा हा बदल साधारण सहाव्या शतकाच्या आसपास घडला, ओठांची गोलाई मात्र पुढे काही शतकांनी सुटली. जर्मनमध्ये तो गोल ओठांचा स्वर आजही जिवंत आहे, आणि लिहिताना अक्षरावर दोन टिंबं देऊन दाखवतात. परीकथा गोळा करणाऱ्या दोघा ग्रिम बंधूंपैकी याकोबने या बदलासाठी 'उमलाउट' हे नाव रूढ केलं.

आपल्यालाही हे परकं नाही. 'त्याचा भाऊ' आणि 'त्याच्या भावाला' हे भराभर म्हणून पाहा. लिहिताना 'च्या'मध्ये 'य' आहे. बोलताना मात्र तो 'य' वेगळा ऐकूच येत नाही. तरी आपण 'त्याचा' आणि 'त्याच्या' यांत कधीही गोंधळत नाही, कारण 'चा'मधला 'च' दातांजवळचा, 'चमचा'मधल्या 'च'सारखा, आणि 'च्या'मधला 'च' टाळूजवळचा, चिंचेतल्या पहिल्या 'च'सारखा. 'य'ने 'च'ला टाळूकडे ओढलं आणि स्वतः विरघळून गेला. 'माझा' आणि 'माझ्या' यांतही तेच. तिकडे 'इ'ने स्वर ओढला, इकडे 'य'ने व्यंजन ओढलं. यंत्रणा एकच. आणि देवनागरीत जसं लिहितो तसंच बोलतो, हा आपला अभिमानही इथे तपासून घ्यावा. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगण्याची आज्ञा, ही दोन्ही आपण एकाच 'ज'ने लिहितो आणि वेगळी उच्चारतो.

'फोटि'सारख्या शब्दांतला तो 'इ' खरंच होता हे कशावरून? चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने बायबलचा गॉथिक भाषेत अनुवाद केला. गॉथिक ही इंग्रजीची दूरची बहीण, आणि तिच्यात हा बदल झालाच नाही. न्याय करणे यासाठी तिथे 'डोमयान' असं क्रियापद आहे. 'ओ' शाबूत, आणि 'इ'सारखाच ओढणारा 'य'ही शाबूत. त्याच घराण्यातलं इंग्रजी नाम 'डूम', आणि क्रियापद 'डीम'. एकदा ही किल्ली हातात आली की इंग्रजीतले कितीतरी शब्द जोडीने उभे राहतात. फूड-फीड, ब्लड-ब्लीड, फुल-फिल, गोल्ड-गिल्ड, लाँग-लेंग्थ, स्ट्राँग-स्ट्रेंग्थ, ओल्ड-एल्डर, फाउल-फिल्थ, फॉक्स आणि कोल्ह्याची मादी व्हिक्सन. प्रत्येक जोडीतल्या दुसऱ्या शब्दाच्या शेपटीत एके काळी 'इ' किंवा 'य' होता.

ओघात एक सांगते. 'फूट' आणि संस्कृत 'पाद' एकाच मुळाचे, आणि त्या 'पाद'वरूनच आपला 'पाय' आला. 'फोटिझ'मधला 'इझ' आणि 'पादस्' या वैदिक अनेकवचनातला 'अस्' हेही सख्खे. पण याचा अर्थ इंग्रजी संस्कृतातून निघाली असा नाही. व्हॉट्सअॅपवर फिरणारे तसले दावे खरे मानू नयेत. दोघींची आई तिसरीच, अधिक जुनी भाषा आहे, आणि लेकींमधलं साम्य त्या आईकडून आलं आहे.

मग 'माऊस'चं 'माईस' होतं, तर 'हाऊस'चं 'हाईस' का नाही? कारण जुन्या काळी 'हूस' हे नपुंसकलिंगी नाम होतं आणि त्याच्या अनेकवचनात 'इ' कधी नव्हताच. ओढणारा कोणी नाही, म्हणून स्वर जागचा हलला नाही. एक हूस, दोन हूस. आपल्या एक पाय, दोन पाय यासारखंच. शीप आणि डिअर त्याच गटातली, ती आजही तशीच राहिली आहेत. हाऊसला मात्र पुढे 'एस'ची शेपटी लागली.

स्पेलिंगचा उलगडाही यातच आहे. 'फूट'मध्ये दोन 'ओ' का? कारण ते दीर्घ 'ओ'साठी लिहिले होते, 'फोऽट'. 'फीट'मध्ये दोन 'ई' का? दीर्घ 'ए'साठी, 'फेऽट'. आपल्याकडे बालवाडीतलं मूल जसं वाचेल, तसंच ते लिहिलेलं आहे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि हळूहळू स्पेलिंगं गोठू लागली. नेमक्या त्याच सुमारास, साधारण १४०० ते १७०० या काळात, इंग्रजीचे सगळे दीर्घ स्वर जागा सोडत होते. दीर्घ 'ए'चा 'ई' झाला, 'ओ'चा 'ऊ', 'ई'चा 'आइ', 'ऊ'चा 'आउ'. मूसचा माऊस झाला, मीसचा माईस. अक्षरं कागदावर राहिली आणि जीभ पुढे निघून गेली. म्हणून आज इंग्रजी स्पेलिंग हे बऱ्याच अंशी पंधराव्या शतकातलं ध्वनिमुद्रण आहे. माझ्या मते ते बदलायची घाई करू नये, कारण ते पुसलं तर ही सगळी नाती दिसेनाशी होतील.

जुन्या इंग्रजीत स्वर बदलणारी अनेकवचनं आणखीही होती. 'बोक' म्हणजे पुस्तक, त्याचं अनेकवचन 'बेच'. ते टिकलं असतं तर आज आपण एक बुक, दोन बीच म्हटलं असतं. इथे 'इ'ने स्वराबरोबर 'क'लाही ओढून 'च' केलं होतं. काऊचं जुनं अनेकवचन 'काइन' १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये फॅरोच्या स्वप्नातल्या सात गाईंसाठी आलं आहे, आता त्याच्या जागी 'काऊज' आहे. असे बहुतेक शब्द 'एस'ला शरण गेले. पाय, दात, माणूस, बाई, उंदीर, ऊ, हंस एवढे मोजकेच शिल्लक राहिले.

कोण टिकतं, कोण जातं? याचं चांगलं मोजमाप क्रियापदांवर झालं आहे. २००७ साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका अभ्यासात जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं तपासली होती. त्यांतली ९८ आजही अनियमित आहेत. जे क्रियापद शंभरपट कमी वापरलं जातं, ते दहापट लवकर नियमित होतं, असं त्यात दिसलं. अनियमित रूप टिकायला ते लहान मुलांच्या कानावर पुन्हा पुन्हा पडावं लागतं. नाही पडलं तर मूल ओळखीचा नियम लावून मोकळं होतं.

भाचीने तेच केलं होतं, फक्त तिने लावला तो दीड हजार वर्षांपूर्वी बंद पडलेला नियम. मुंगूस इंग्रजीत पोचलं तोवर त्या 'इ'ला जाऊन हजार वर्षं होत आली होती. मुंगसाच्या शेपटीत तो कधी नव्हताच. अमेरिकेतल्या आदिवासींच्या भाषेतून सतराव्या शतकात आलेल्या 'मूस' या शब्दाचंही तेच (हा मूस म्हणजे हरणाच्या कुळातला मोठा प्राणी, वरचा उंदीर नव्हे), म्हणून त्याचं मीस होत नाही.

हे सगळं तिला घावणे खाताना सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, बोटं मोजत 'त्याचा, त्याच्या' दहा वेळा म्हणून पाहिलं. मग विचारलं, "पण मावशी, मुंगूस, आणि मग मुंगसं. आपला 'ऊ' कुठे गेला?"

मी तिला माणूस-माणसं आणि लाकूड-लाकडं म्हणून दाखवलं. मुंगूसमध्ये 'ऊ' शेवटच्या उच्चारखंडात, 'गूस'मध्ये, आहे आणि सगळा भार त्याच्यावर आहे. त्याच्यापुढे 'अं' लागला की तो शेवटचा राहत नाही, मधे अडकतो, आणि मधला दुबळा स्वर मराठी गिळून टाकते. ती उठली आणि चुलीकडे रचून ठेवलेली लाकडं मोजू लागली, प्रत्येक वेळी 'ऊ' कुठे जातो ते ऐकत.